कूलर बसवण्याआधी तेलाचं तापमान बघा, भाऊ

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चाळीसगावचा एक तरुण गाडी घेऊन धुळ्याला माझ्या गॅरेजवर आला. आठ गिअरची टर्बो पेट्रोल सेदान, ट्यूनिंग करून ताकद वाढवलेली. डिकीत गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या नव्या कूलरचा खोका होता. उतरल्या उतरल्या त्यानं मोबाइल पुढं केला. “भाऊ, गाडी तपी ऱ्हायनी. हे वाचा, अन् हा कूलर आजच बसाडी द्या.”

तोच मजकूर मला त्याआधी पारोळ्याच्या एका डॉक्टरांनी, शिरपूरच्या एका ठेकेदारानं आणि माझ्या सख्ख्या मेहुण्यानं पाठवला होता. उन्हाळा लागल्यापासून तो खान्देशभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी तो देतो:

“खान्देशातल्या ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनो, सावधान! ४५ डिग्रीत तुमचा गिअरबॉक्स उकळतोय. या गाड्या युरोपच्या थंडीसाठी बनलेल्या आहेत. कोणतीही ऑटोमॅटिक असो, वेगळा ट्रान्समिशन कूलर बसवा, आणि मिळेल तेवढा मोठा बसवा. तेल जितकं थंड तितकं आयुष्य जास्त: दर ११ डिग्रीला गिअरबॉक्सचं आयुष्य दुप्पट! रेडिएटरमधलं कंपनीचं कनेक्शन कायमचं काढून टाका, ते तेल थंड करत नाही, गरम करतं. कूलर लावला की ऑईल बदलायची गरज नाही. गिअर स्लिप होत असेल, झटका मारत असेल तरी कूलरनं बरा होतो. अर्ध्या तासाचं काम, कोणताही फिटर करेल.”

एकवीस वर्षं मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतोय आणि जुळवतोय. कूलर मीही बसवतो, काही गाड्यांना तर मालकाला आग्रह करून बसवलाय. कूलर ही चांगली वस्तू आहे. पण या मजकुरावर विसंबून लोक धडधाकट गाड्या बिघडवून घेतायत, आणि त्या गाड्या शेवटी आमच्या रॅम्पवर येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून यातलं एकेक वाक्य घेतो.

“४५ डिग्रीत तुमचा गिअरबॉक्स उकळतोय.”

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे खरंच आहे. पण गिअरबॉक्समधली उष्णता बाहेरून येत नाही, ती आत तयार होते, आणि बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरमध्ये. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे डोळ्यांपुढं आणा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरायला लागतो. कन्व्हर्टरमध्ये हेच होतं, फक्त हवेऐवजी तेल असतं. इंजिनाकडचा पंखा आणि चाकांकडचा पंखा यांच्या वेगात जितका फरक, तितकी ताकद तेल घुसळण्यात जाते आणि तेल तापतं. गाडी वेगात आली की लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट धरतो, फरक जवळजवळ संपतो आणि उष्णताही घटते.

आता आकडे बघा. लॉन्च करायचा, म्हणजे उभ्या गाडीनं एकदम झेप घ्यायची, म्हणून कुणी डाव्या पायानं ब्रेक दाबून उजव्या पायानं अ‍ॅक्सिलरेटर दिला. इंजिन २,५०० आरपीएमवर, टॉर्क २५० न्यूटन-मीटर. ही ताकद ६५ किलोवॅट होते. गाडी जागची हलत नाही, म्हणजे सगळी ताकद उष्णता बनून तेलात जाते. घरातला गीझर साधारण २ किलोवॅटचा असतो. तसे बत्तीस गीझर एका गिअरबॉक्समध्ये लावल्यासारखं आहे. गिअरबॉक्समध्ये सुमारे ८ लिटर तेल धरा, वजन ७ किलोच्या आसपास. इतकं तेल १ डिग्री तापवायला जेमतेम १४ किलोज्यूल पुरतात. म्हणजे दर सेकंदाला साडेचार डिग्री. लोखंड-अ‍ॅल्युमिनियम त्यातली काही उष्णता ओढून घेतं, पण कन्व्हर्टरच्या आत अडकलेलं तेल याहूनही लवकर तापतं. दहा सेकंद असं धरलं तर पुढं कितीही मोठा कूलर लावा, त्याच्यापर्यंत ती उष्णता पोचण्याआधीच क्लचच्या पट्ट्यांनी आणि सीलनी मार खाल्लेला असतो. कूलर काही किलोवॅट उष्णता बाहेर टाकू शकतो, तीही सावकाश. तेव्हा लॉन्चची हौस असणाऱ्यांना मी सांगतो: दोन सेकंदांच्या वर धरू नका, आणि दोन लॉन्चच्या मध्ये गाडी दोन-चार किलोमीटर आरामात चालू द्या. याला एक रुपयाही लागत नाही.

मग हवेच्या तापमानाचा काहीच संबंध नाही का? आहे. तेल १०० डिग्री आणि हवा २५ डिग्री असेल तर फरक ७५ चा. हवा ४५ झाली की फरक ५५ उरतो. उष्णता बाहेर जाण्याचा वेग या फरकावर चालतो, म्हणजे तोच कूलर आपल्या मे महिन्यात पाऊणपटीहूनही थोडा कमी काम करतो. ही घट मोठी आहे आणि घाटात ती जाणवते. पण हे ‘उकळणं’ नव्हे. गिअरबॉक्सचं तेल या तापमानाला उकळत नाही. १२० च्या पुढं ते भराभर काळं पडायला लागतं, त्याचा चिकट थर वाल्व्हवर बसतो आणि रबरी सील कडक होतात.

“युरोपच्या थंडीसाठी बनलेल्या आहेत.” थोडक्यात सांगतो. मोठ्या कंपन्या विकण्याआधी गाड्या अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीसारख्या ठिकाणी, पन्नाशीच्या उन्हात, चढावर चालवून बघतात. भुसावळचं ऊन त्यांना नवीन नाही.

“कोणतीही ऑटोमॅटिक असो.”

या तीन शब्दांनी सर्वांत जास्त पैसा वाया गेलाय. आपल्याकडे क्लचचा तिसरा पेडल नसला की लोक गाडीला ऑटोमॅटिक म्हणतात. पण आत चार निराळी यंत्रं असतात.

पोलो जीटी टीएसआय किंवा व्हर्टस जीटी १.५ चा डीएसजी घ्या, किंवा आय२० एन लाइनचा डीसीटी. हे दोन क्लचचे गिअरबॉक्स. यांचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. धुळ्याच्या पाच कंदिलापाशी गर्दीत इंच-इंच सरकताना यांत तापतो तो क्लचचा घासणारा पृष्ठभाग, आणि तो थंड होतो फक्त आजूबाजूच्या हवेनं. त्या गिअरबॉक्सच्या तेलाला कूलर लावणं म्हणजे डोकं दुखतं म्हणून गुडघ्याला मलम लावणं. अशा गाडीवाल्यांनी पुढच्या गाडीला थोडं अंतर जाऊ द्यावं आणि मग एकदम निघावं, सारखं सरकवत राहू नये. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नये, ब्रेक दाबावा. त्यांच्यासाठी कूलर हाच आहे.

एएमटी म्हणजे साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सला बसवलेला यांत्रिक हात. त्याला कन्व्हर्टरही नाही आणि तेलाचा बाहेर जाणारा पाइपही नाही. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या गिअरबॉक्सला, तेलाची काळजी असते, पण त्याचं तेल वेगळं, त्याचा पंप वेगळा, आणि त्यात हात घालायचा तर त्याच गाडीची माहिती पाहिजे.

उरल्या कन्व्हर्टरवाल्या गाड्या, आणि ऑक्टेव्हिया आरएससारख्या ओल्या क्लचच्या डीएसजी. यांत मात्र तेलच सगळी उष्णता वाहून नेतं, म्हणून कूलरचा प्रश्न इथंच येतो. त्यातही बहुतेक जोरदार गाड्यांना कारखान्यातूनच एक कूलर असतो: कुणाचा रेडिएटरच्या टाकीत, कुणाचा गिअरबॉक्सच्या अंगाला चिकटलेला पाण्याचा, कुणाचा पुढं हवेवर. गाडीखाली जाऊन बघितल्याशिवाय ‘माझ्या गाडीला कूलरच नाही’ असं म्हणू नका.

“मिळेल तेवढा मोठा बसवा, तेल जितकं थंड तितकं आयुष्य जास्त.”

आपल्याकडे कूलर हा शब्द ऐकला की खिडकीतला पाण्याचा कूलर आठवतो, आणि घोटाळा तिथून सुरू होतो. तो कूलर ओल्या जाळीतून हवा ओढतो, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून ४४ डिग्रीची कोरडी हवा खोलीत तीसच्या आसपास येते. तेलाचा कूलर कोरडा असतो. त्यात पाणी नाही, वाफ नाही. बाहेरच्या हवेपेक्षा तेल खाली नेणं त्याला कधीच शक्य नाही, आणि त्याच्या जवळपास नेणं चांगलंही नाही.

हे तेल ८० ते ९५ डिग्रीच्या दरम्यान काम करावं असं धरूनच गिअरबॉक्स बनलेला असतो. तेल थंड असलं की ते जाड असतं. वाल्व्ह जड चालतात, गिअर उशिरा पडतात, आणि पुष्कळ गाड्यांचा संगणक तर तेल पुरेसं तापेपर्यंत लॉक-अप लावतच नाही. म्हणजे कन्व्हर्टर घुसळतच राहतो आणि पेट्रोलही जास्त जातं. जो मोठा कूलर मे महिन्यासाठी बसवला, तो जानेवारीतही गाडीवरच असतो. धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. पोरांना शाळेत सोडून तीन किलोमीटरवर परत येणाऱ्या गाडीचं तेल, पुढं मोठा कूलर उघडा असेल, तर आठवडा-आठवडा नीट तापत नाही. तेलात आलेली ओल उडून जायलाही उष्णता लागते.

म्हणून कूलरबरोबर थर्मोस्टॅट घ्या. तेल थंड असताना तो कूलरकडची वाट बंद ठेवतो आणि ८० च्या आसपास उघडतो. दुकानदार तो वेगळा विकतात आणि गिऱ्हाईक पैसे वाचवायला नेमका तोच सोडतं. माझ्या मते थर्मोस्टॅट नसेल तर रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला वेगळा कूलर बसवूच नये.

मोठ्या कूलरची आणखी एक किंमत आहे, ती आपल्याला लगेच कळते: एसी. कूलर बसतो कंडेन्सरच्या, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, पुढं. त्यातून तापलेली हवा कंडेन्सरवर जाते, तिथून रेडिएटरवर. भर दुपारी फागण्याहून अमळनेरला जाताना एसी नीट लागत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या दोन गाड्यांत मला एसीत काहीही बिघाड सापडला नाही; अर्ध्या कंडेन्सरवर पसरलेला तेलाचा कूलर तेवढा सापडला.

“दर ११ डिग्रीला गिअरबॉक्सचं आयुष्य दुप्पट.”

याच्या मुळाशी एक खरा नियम आहे, म्हणून हे वाक्य लोकांना पटतं. फार वर्षांपासून एक तक्ता फिरतो: तेल ७९ डिग्रीवर राहिलं तर सुमारे १,६०,००० किलोमीटर टिकतं, त्यापुढं दर ११ डिग्रीला आयुष्य निम्मं. ९० ला ८०,०००, १०२ च्या आसपास ४०,०००, असं करत ते खाली येतं. हा ढोबळ हिशोब आहे, आणि तो जुन्या खनिज तेलांसाठी आहे. आजची सिंथेटिक तेलं त्याहून पुष्कळ दमदार आहेत.

पण मोठी चूक वेगळीच आहे. तो तक्ता तेलाच्या आयुष्याचा आहे, गिअरबॉक्सच्या नव्हे. आणि तो वरच्या बाजूला लागू पडतो, खालच्या नाही. खालीही लावला तर काय होतं बघा: ७९ वरून तेल ३५ वर आणलं, म्हणजे चार वेळा ११ डिग्री, म्हणजे आयुष्य सोळा पट, म्हणजे २५ लाख किलोमीटर. असं कुठलं तेल कुणी पाहिलंय का? ८० च्या खाली उष्णतेनं तेल सडण्याचा वेग आधीच इतका कमी असतो की तेलाला मारणारी कारणं दुसरीच होतात: क्लचच्या पट्ट्यांची झीज, धातूची पूड, घुसळून घुसळून पातळ होणं. ती कूलरनं थांबत नाहीत.

“रेडिएटरमधलं कंपनीचं कनेक्शन कायमचं काढून टाका, ते तेल गरम करतं.”

यात थोडं खरं आहे, म्हणून नीट बोलतो.

सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाचं पाणी गिअरबॉक्सच्या तेलाआधी तापतं. तेव्हा रेडिएटरमधून जाणारं तेल खरोखर गरम होतं, आणि ते तसंच व्हायला हवं. वर सांगितलं तसं थंड तेल नकोच आहे. पण घाटात तेल ११५ वर गेलेलं असतं आणि पाणी ९०-९५ वर. तेव्हा तेच पाणी तेलाला थंड करतं. शिवाय तेलाचा कूलर रेडिएटरच्या त्या टाकीत असतो, जिथं पाणी थंड होऊन परत इंजिनाकडं निघालेलं असतं. तेलाकडून पाण्याकडं उष्णता जाते ती हवेकडं जाण्यापेक्षा कितीतरी सहज. आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी रांगत असताना हवेचा कूलर जवळजवळ निकामी असतो, पाण्याचा मात्र पंप आणि पंख्याच्या जोरावर चालू असतो.

औट्रम घाट डोळ्यांपुढं आणा. चाळीसगाव सोडलं की कन्नडकडं चढ लागतो; पुढं मालानं भरलेला टेम्पो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेला, वेग पंधरा-वीसचा, लॉक-अप लागत नाही, कन्व्हर्टर सतत घुसळतोय आणि जाळीवर वारा नाही. गाडीला कूलर सर्वांत जास्त लागतो तो या क्षणी, आणि नुसता हवेवरचा कूलर सर्वांत कमी काम करतो तोही याच क्षणी. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर एकसारखा वेग धरलेल्या गाडीचं लॉक-अप पक्कं बसलेलं असतं आणि वारा भरपूर असतो. तिच्यापेक्षा कोंडाईबारीत किंवा तोरणमाळच्या घाटात ट्रकमागं अडकलेल्या गाडीचं तेल सहज जास्त तापेल. हे लोकांना खरं वाटत नाही, कारण आपण वेगाला घाबरतो.

म्हणून माझी पद्धत अशी: तेल गिअरबॉक्समधून निघून आधी कारखान्याच्या कूलरमध्ये, तिथून वेगळ्या हवेच्या कूलरमध्ये, आणि मग परत गिअरबॉक्सला. पाण्यानं मोठा भार उचलायचा, हवेनं उरलेला. निघणारा पाइप कुठला आणि परतीचा कुठला हे अंदाजानं ठरवायचं नाही. गाडी सुरू करून दोन्ही पाइपांचं तापमान बघायचं. तापलेला तो निघणारा.

मग काढून टाका म्हणणाऱ्यांचं खरं काय? रेडिएटरच्या आतली नळी सडून फुटली की पाणी आणि तेल एकमेकांत मिसळतं. गुलाबी, फेसाळ, दुधासारखं काहीतरी टाकीत दिसतं. कूलंटमधल्या ग्लायकॉलनं क्लचच्या पट्ट्यांचा गोंद सुटतो आणि गिअरबॉक्स थोड्या दिवसांत बसतो. अमेरिकेत २००५ ते २०१० च्या दरम्यानच्या निसान पाथफाइंडर, फ्रंटियर या गाड्यांत हा प्रकार इतका झाला की प्रकरण कोर्टात गेलं. ती भीती खोटी नाही. पण आपल्याकडे तिचं कारण बहुतेक वेळा घरातलंच असतं: कूलंटऐवजी बोअरचं पाणी. खान्देशातल्या पुष्कळ बोअरचं पाणी इतकं जड आहे की नळाची तोटी वर्षात पांढरी होते. तेच पाणी रेडिएटरमध्ये भरायचं आणि मग रेडिएटर सडला म्हणून कंपनीला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा, ते मुदतीत बदला, आणि रेडिएटर जुना झाला, सांधे हिरवट दिसायला लागले की तो बदला. गाडी फक्त ट्रॅकवरच चालत असेल तर वेगळा विचार करता येतो, पण तिथंही थर्मोस्टॅट हवाच.

“ऑईल बदलायची गरज नाही.”

गरज आहे. आठ गिअरचा झेडएफ गिअरबॉक्स कित्येक महागड्या गाड्यांत आहे. गाडीच्या पुस्तकात त्याच्या तेलाला जन्मभराचं म्हटलेलं असलं, तरी गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदला म्हणते. ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीला ६०,००० ला तेल आणि फिल्टर लागतो. ताकद वाढवली असेल तर याच्याही आधी बदला. आणि तेल त्या गिअरबॉक्सला सांगितलेलंच घाला. लाल दिसतं म्हणून सगळं सारखं नसतं.

“गिअर स्लिप होत असेल, झटका मारत असेल तरी कूलरनं बरा होतो.”

होत नाही, आणि हे वाक्य पुढं पाठवणाऱ्यांनी थांबावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्लिप होणारा गिअरबॉक्स तापतो, कारण तो स्लिप होतोय. क्लचच्या पट्ट्या झिजल्यात, तेल कमी आहे, चुकीचं तेल पडलंय, सोलेनॉइड (तेलाची वाट उघडबंद करणारा विजेवरचा वाल्व्ह) अडकलाय, अशी कारणं असतात. कूलर लावून तापमान दहा डिग्री उतरलं की माणूस निर्धास्त होतो, आणि पट्ट्या झिजतच राहतात. महिन्याभरात जे काम तेल-फिल्टर-सोलेनॉइडवर निभावलं असतं ते पूर्ण ओव्हरहॉलवर जातं.

त्याच्याशी जोडलेलं एक पथ्य सांगतो, ते फिटर लोकही विसरतात. गिअरबॉक्स एकदा फुटला असेल तर त्याची पूड जुन्या कूलरच्या बारीक नळ्यांत बसलेली असते. नवीन जुळवलेला गिअरबॉक्स त्याच कूलरला जोडला की ती पूड पहिल्याच दिवशी परत आत येते. नळीचा साधा कूलर नीट धुता येतो. पत्र्यांच्या थरांचा कूलर पूर्ण धुतला गेल्याची खात्री देता येत नाही, तो मी बदलतोच.

“अर्ध्या तासाचं काम, कोणताही फिटर करेल.”

तीन वर्षांपूर्वी एक गाडी टोइंग करून आली. ट्यूनिंग केलेली, मोठ्या शहरातून कूलर बसवून आणलेली. मालक घरच्या माणसांना घेऊन निघाले होते, घाटाच्या अर्ध्यात गाडीनं ओढणं सोडलं. खाली पाहिलं तर हीटरच्या पाण्याचा रबरी पाइप तेलासाठी वापरलेला. गरम तेलानं तो आतून फुगून मऊ झाला होता आणि क्लिपमधून निसटला. गिअरबॉक्सचं तेल बाहेर जायला मिनिटंही लागत नाहीत, आणि तेल गेलं की क्लच धरायला दाबच उरत नाही. मागं लहान मुलं होती, वळणावर गाडी थांबली, पाठीमागून ट्रक. तो मालक मला सांगताना अजून थरथरत होता. पाइपाच्या काही शे रुपयांत झालेली ही गोष्ट आहे.

म्हणून पाइप गिअरबॉक्सच्या तेलासाठीचाच घ्या, त्यावर तसं छापलेलं असतं. पेट्रोलचा नको, पाण्याचा तर नकोच. नळीच्या टोकाला कड नसेल तर पाइप सरकतो, तिथं कड काढून घ्या. पाइप एक्झॉस्टपासून, इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून आणि धारदार पत्र्यापासून दूर न्या. कूलरच्या खोक्यात प्लास्टिकच्या काड्या येतात, कंडेन्सरच्या जाळीतून आरपार घालून कूलर लटकवायला. त्या फेकून द्या. आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी त्या कंडेन्सरला घासून भोक पाडतात. पट्टीचे ब्रॅकेट करा, रबर लावा, कूलर कशालाही टेकू देऊ नका. त्याची तोंडं वर किंवा बाजूला ठेवा, खाली केली तर आत हवा अडकते.

आणि बसवण्याआधी मोजा. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या संगणकाच्या तपासणी सॉकेटला, लागणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि त्या गाडीचं तेलाचं तापमान वाचणारं अ‍ॅप एवढं पुरतं. चाळीसगावच्या त्या पोराला मी तेच सांगितलं. खोका डिकीतच ठेवला, स्कॅनर लावला आणि आम्ही दोघं भर दुपारी निघालो. हायवेवर तेल ९१-९२. औट्रम घाटात भरलेल्या टेम्पोंमागं ११४ पर्यंत गेलं, उतरल्यावर दहा मिनिटांत ९५ वर आलं. परत येऊन पुढचा बंपर सोडला, तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये कापसाच्या पुंजक्यांची गादी बसलेली. हंगामात जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्यांमागून चालणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही गाडीत ती सापडेल. कमी दाबाच्या पाण्यानं आतून बाहेर जाळी धुतली, गाडी ८६,००० ला आली होती म्हणून तेल आणि फिल्टर-पॅन बदललं. दुसऱ्या आठवड्यात त्याच घाटात, तशाच उन्हात, १०३.

त्याला अजून ट्यूनिंग वाढवायचं आहे आणि ट्रॅकवरही जायचं आहे, तेव्हा १२० पुन्हा पुन्हा दिसलं तर कूलर बसवू असं ठरलंय. तो मध्यम आकाराचा असेल, थर्मोस्टॅटसह, कारखान्याच्या कूलरनंतर जोडलेला. अर्धा तास पुरणार नाही हे त्याला आधीच सांगितलंय, कारण खरा वेळ तेलाची लेव्हल लावायला लागतो. या गिअरबॉक्सला तेल मोजायची काडी नसते. तेल ३० ते ५० डिग्रीच्या दरम्यान असताना, इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट उचलून, भरण्याच्या भोकातून तेल डोकावेपर्यंत भरायचं असतं. त्या तापमानाला थर्मोस्टॅट बंद असतो, म्हणजे नवा कूलर आणि पाइप रिकामेच राहतात. लेव्हल बरोबर दिसते, गाडी रस्त्यावर तापते, थर्मोस्टॅट उघडतो, तेल कूलरमध्ये शिरतं आणि गिअरबॉक्समध्ये तेवढं कमी पडतं. म्हणून एकदा भरून गाडी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायची, दोन्ही पाइप हाताला गरम लागले की थांबायचं, पुन्हा थंड होऊ द्यायची आणि परत लेव्हल लावायची. त्यानंतर शंभर किलोमीटरवर एकदा खाली झोपून प्रत्येक सांध्याला कोरडं फडकं लावून बघायचं.